नाडी आणि श्वास

चूक आणि बेशुद्धी या दोन्ही गोष्टींना मराठीत एकच शब्द पुरतो, आणि नेमका तोच शब्द माझ्या व्यवसायाच्या नावात येऊन बसला आहे. ‘मी भूलतज्ज्ञ आहे’ असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटते. कोशकारांनी ‘बधिरीकरण’, ‘संवेदनाहरण’ असे भारदस्त पर्याय दिले आहेत. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री काळजीने खाटेशी उभा असलेला नातेवाईक ‘संवेदनाहरण कधी करणार?’ असे विचारत नाही. तो ‘भूल केव्हा देणार?’ असेच विचारतो. आमच्या हैदराबादेत तर त्याहून सरळ बोलतात. ‘बेहोशी की डॉक्टर आयी क्या?’ हा प्रश्न वॉर्डाच्या दारात मी तीसएक वर्षे ऐकला. मला स्वतःला ‘भूल’ हाच शब्द आवडतो. रानभूल पडलेला माणूस वाटेवरून थोडा बाजूला जातो आणि काही वेळाने पुन्हा वाटेला लागतो. परत येणे त्या शब्दात गृहीत धरलेले आहे.

परत आणण्याची ही जबाबदारी कशी पार पाडली जाते, याची मात्र फारशी कुणाला कल्पना नसते. इंजेक्शन दिले, रोगी झोपला, की भूल देणाऱ्याचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत. वस्तुतः भूल देण्याचे काम काही मिनिटांचे असते. पुढचे दोन, चार, कधी आठ तास जे चालते ते राखणीचे काम. आपल्याकडे शेताची राखण करणारा माळ्यावर बसून रात्र काढतो. सकाळी पीक जागच्या जागी असले तर त्याने रात्रभर काय केले हे कुणी विचारत नाही. आमचेही तसेच. राखण कशाची, असे विचाराल तर उत्तर द्यावे लागेल : श्वासाची आणि रक्तवाहिन्यांची. श्वासाचे महत्त्व कुणालाही पटवून द्यावे लागत नाही. रक्तवाहिन्यांचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. कारण त्यांच्याविषयीचा एक मोठा वाद आमच्या या गावात, मुसीच्या काठी लढला गेला, आणि तो आपण अर्धाच लक्षात ठेवला आहे.

रक्तवाहिन्या म्हणजे नळ, असे चित्र शाळेच्या पुस्तकामुळे मनात ठसलेले असते. पण नळ निर्जीव असतो आणि त्याचा व्यास ठरलेला असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात, आणि आपल्या इच्छेचा काहीही संबंध नसलेले मज्जातंतू त्या स्नायूंना अहोरात्र किंचित आवळून धरतात. तंबोऱ्याची तार जशी वाजत नसतानाही ताणलेली असते, तसा हा ताण. आपण निजून उठतो, उभे राहतो, जिना चढतो. प्रत्येक वेळी हा ताण कुठे वाढतो, कुठे सैलावतो आणि मेंदूला होणारा पुरवठा अखंड राहतो. फ्रान्सच्या प्वाझॉयने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की अरुंद नळीतून वाहणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर, दाब तोच असताना, प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. इतक्या सूक्ष्म हालचालीवर इतका मोठा हिशेब अवलंबून आहे.

भुलीची बहुतेक औषधे या ताणावरच घाला घालतात. आज सर्रास वापरले जाणारे प्रोपोफॉल दिसायला दुधासारखे पांढरे असते. ते शिरेत गेले की अर्ध्याएक मिनिटात माणूस झोपतो आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्या सैल पडू लागतात. हुंगायला दिल्या जाणाऱ्या आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन या औषधांचेही तेच. कमरेत मणक्यांच्या मधून दिले जाणारे ‘स्पायनल’ तर वाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचीच वाट अडवते. रोग्याचे पाय कोमट लागू लागले की इंजेक्शन लागू पडले असे समजावे. शरीरातले दोन-तृतीयांशाच्या आसपास रक्त नीलांमध्ये साठलेले असते. त्या सैलावल्या की पाणी तेवढेच आणि रांजण मात्र मोठा, अशी अवस्था होते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, दाब उतरतो. धडधाकट तरुणाला हे सोसते. रक्तदाबाच्या जुन्या रोग्याला, अपघातात रक्त गमावलेल्याला, दिवसभर उपाशी असलेल्या म्हाताऱ्याला ते सोसेलच असे नाही.

हा दाब मोजता येतो हे जगाला कळले ते एका घोडीमुळे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली, तिला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त आठ फुटांहून वर चढलेले पाहिले. १७३३ साली त्याने ते प्रसिद्ध केले. माणसावर असला प्रयोग करणे शक्य नव्हते. त्यामुळे पुढची दीडशेहून अधिक वर्षे वैद्यकाजवळ माणसाचा दाब जाणण्याचे रोजचे साधन एकच राहिले : मनगटावरची बोटे. आपल्या वैद्यांनी त्या बोटांना किती भाषा शिकवल्या होत्या हे मराठी वाचकाला सांगायला नको. नाडीचे सापासारखे, बेडकासारखे, हंसासारखे चालणे हा त्यांचा शब्दसंग्रह होता.

१८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली आणि पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. ईथर हळू चढे, खोकवी, पेट घेई. क्लोरोफॉर्म गोड वासाचे आणि झटपट काम करणारे. रुमालावर थोडे शिंपडले की पुरे. पण १८४८ च्या जानेवारीत, न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात, हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत दगावली. नख काढण्याइतक्या किरकोळ कामासाठी ती आली होती, आणि ती फार घाबरलेली होती. हा घाबरण्याचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

ती कशाने गेली यावर ब्रिटनमध्ये दोन पक्ष पडले. लंडनच्या मंडळींचे म्हणणे, क्लोरोफॉर्म हृदयावर घाव घालते. म्हणून भूल देताना नाडीवर बोट हवे. एडिनबरोच्या मंडळींचे म्हणणे, आधी श्वास बिघडतो, हृदय त्यामागून थांबते. म्हणून श्वासाकडे पाहा, नाडीपायी लक्ष विचलित होऊ देऊ नका. वाद केवळ पांडित्याचा नव्हता. भूल देणारा एकच, त्याचे डोळे आणि हात मोजके. त्याने ते कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता. आणि दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावात कुणी ना कुणी टेबलावर मरत होते.

एडिनबरोच्या पक्षाचा एक कट्टर शिलेदार १८८५ साली हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होऊन आला. त्याचे नाव एडवर्ड लॉरी. एडिनबरोचा सर्जन साइम हा त्याचा गुरू, आणि गुरूचे वचन त्याला वेदवाक्य. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्याच्याकडे आली. आपल्या विद्यार्थ्यांना तो एकच गोष्ट घोकून घेई : श्वास पाहा, नाडीला हात लावू नका. ज्ञानासाठी पैसा खर्च करायला तयार असलेला राजाही त्याला लाभला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १८८८ साली क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि लॉरीचेच म्हणणे खरे ठरल्याचे जाहीर झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकाने शंका काढली. तेव्हा निजाम सरकारने जे केले त्याला तोड नाही. एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचाच माणूस पाठवा आणि तपासून पाहा.

‘लॅन्सेट’ने थॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवले. औषधांच्या शरीरावरील परिणामांचा तो त्या काळचा मोठा जाणकार, आणि क्लोरोफॉर्म हृदयाला थेट मारू शकते या मताचा. १८८९ च्या अखेरीस दुसरे कमिशन बसले. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे, ससे अशा चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. धमनीत नळी, नळीला दाबमापक, दाबमापकाला जोडलेली लेखणी आणि काजळी धरलेल्या कागदाचे फिरते नळकांडे. त्या काळ्या कागदावर पांढऱ्या रेषेत दाबाचा चढउतार आपोआप उमटत जाई. आज ऑपरेशन थिएटरमधल्या पडद्यावर जी लाल रेघ धावते तिची ही पणजी. औषधाने रक्तवाहिन्यांचे काय होते हे इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या शिस्तीने पाहण्याचा असा उद्योग त्यापूर्वी फारसा कुठे झाला नव्हता, आणि तो लंडन-पॅरिसमध्ये न होता दख्खनमध्ये झाला. त्या मुक्या जनावरांविषयी आजच्या वाचकाच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात येते. पण त्या रेषा खऱ्या होत्या.

रेषांनी दाखवले ते असे. क्लोरोफॉर्म वाढवत नेले की दाब सावकाश उतरतो. मग श्वास थांबतो. हृदय त्यानंतरही काही काळ चालू राहते. ब्रंटनने स्वतःचे मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळवले. एका विद्वानाने परगावी, प्रतिपक्षाच्या घरी बसून, पुराव्यापुढे मान तुकवावी ही गोष्ट लहान नाही. कमिशनचा अहवाल १८९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. भूल देणाराने केवळ श्वासाच्या आधाराने चालावे, असा त्याचा सांगावा. दाब उतरतो तो रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणारे मेंदूतले केंद्र गुंगल्यामुळे. त्यात स्वतंत्र धोका असा काही नाही. उलट दाब उतरल्याने औषधाचा शरीरातला प्रवेशच मंदावतो, म्हणजे तो एक प्रकारचा बचावच आहे, इथपर्यंत लॉरीचा युक्तिवाद जाई.

इथपर्यंतची कथा आपल्या गावात अभिमानाने सांगितली जाते. ती सांगताना एक नाव विशेष आदराने घ्यावे लागते : रूपाबाई फर्दुनजी. लॉरीने वैद्यकीय शाळेचे दार स्त्रियांना उघडले, तेव्हा आत आलेल्या पहिल्या मोजक्या मुलींत ही पारशी मुलगी होती. शिक्षण उर्दूतून, म्हणून पदवीचे नाव ‘हकीम’. क्लोरोफॉर्म देण्यात तिने प्रावीण्य मिळवले आणि पुढे कितीतरी वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांतून तेच काम केले. १९०९ साली ती अधिक शिक्षणासाठी एडिनबरोला गेली. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. सुलतान बाजारातून जाताना मला तिची आठवण येते. पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरासमोर येत नसत त्या काळात, त्यांच्या उशाशी बसून, त्यांचा श्वास ऐकत, आपल्याच वयाच्या एखाद्या बाईला झोपवणारी आणि उठवणारी ती तरुणी कशी असेल? तिच्यासारख्यांच्या निरलस लक्षामुळेच लॉरीची पद्धत यशस्वी होई, असे मला वाटते. श्वासावरून नजर न काढणारा माणूस उशाशी असणे हेच मुळी मोठे संरक्षण होते.

पण कथा तिथे संपत नाही. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर या दोघांनी एका जनावराच्या मेंदूला दुसऱ्याच्या शरीरातून रक्त पुरवण्याची विलक्षण युक्ती योजली आणि क्लोरोफॉर्म फक्त मेंदूपर्यंत पोचवून पाहिले. दाब अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. याचा अर्थ, घसरणीचे मूळ मेंदूतल्या केंद्रापेक्षा हृदयातच होते. हैदराबादच्या रेषा खऱ्या असल्या तरी त्यांचा लावलेला अर्थ डळमळीत होता. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले, की क्लोरोफॉर्म अगदी थोडे दिलेले असताना ॲड्रिनलिन रक्तात गेले तर हृदयाच्या कप्प्यांचे तालबद्ध आकुंचन मोडते, ते नुसते थरथरू लागते आणि मृत्यू क्षणात येतो. श्वास त्यानंतर थांबतो. ॲड्रिनलिन म्हणजे भीतीच्या वेळी शरीर स्वतःच सोडते ते द्रव्य. आता हॅना ग्रीनर आठवा. हलकी भूल, किरकोळ शस्त्रक्रिया आणि जीव मुठीत धरून बसलेली पंधरा वर्षांची मुलगी.

मग हैदराबादच्या शेकडो प्राण्यांत हे का दिसले नाही? तिथे मुख्यतः पाहिले गेले ते क्लोरोफॉर्म वाढवत नेल्यावर मृत्यू कसा येतो हे. तसा मृत्यू श्वासावाटेच येतो, आणि तसाच आला. कमिशनने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होते. टेबलावर दगावणाऱ्या पुष्कळ रोग्यांचा प्रश्न निराळा होता. लॉरीला लबाड म्हणता येणार नाही, मूर्ख तर नाहीच. श्वास पाहा, हे त्याचे सांगणे आजही सोळा आणे खरे आहे. घात केला तो वाक्याच्या उत्तरार्धाने. ‘श्वास पाहा’ यापुढे पूर्णविराम हवा होता; तिथे ‘नाडी पाहू नका’ असे जोडले गेले, आणि त्याला शेकडो प्रयोगांचे, एका राजाच्या खजिन्याचे आणि ‘लॅन्सेट’च्या पानांचे वजन मिळाले.

नाडीची बाजू पुढे नेली ती अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने. हार्वी कुशिंग हार्वर्डला शिकत असताना, एके दिवशी त्याला अचानक ईथर द्यायला बसवले गेले आणि तो रोगी शस्त्रक्रियेच्या वेळीच मरण पावला. वैद्यकी सोडून द्यावी असे त्याच्या मनात आले. ती न सोडता, एर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर, १८९४-९५ च्या सुमारास तो एक तक्ता ठेवू लागला : दर काही मिनिटांनी नाडी किती, श्वास किती, ईथर किती. कुणाची भूल अधिक चांगली यावर दोघांत जेवणाची पैजही लागली. भुलीचा जो कागद आम्ही आयुष्यभर भरत आलो त्याचा उगम हा. पुढे १९०१ साली कुशिंग इटलीतल्या पाव्हिया गावी गेला. तिथे रीव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली बनवलेला, दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याचे दाबमापक त्याने पाहिले, चित्र काढून घेतले आणि बाल्टिमोरला येऊन ते शस्त्रक्रियेत वापरायला सुरुवात केली. अचंबा वाटेल, पण हार्वर्डच्या शल्यचिकित्सकांनी १९०४ च्या सुमारास त्याचा विचार करून असा अभिप्राय दिला, की या उपकरणापेक्षा कसलेले बोट अधिक मोलाचे. उपकरण आले की बोट विसरले जाईल, ही भीती त्या वेळीही होती. ती पूर्णतः खोटी होती असेही नाही.

मी या क्षेत्रात आले तेव्हा बहुतेक रुग्णालयांत बॉईल्स मशीन, पाऱ्याचे बी.पी. यंत्र आणि छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप एवढाच सरंजाम असे. एक हात काळ्या रबरी पिशवीवर, दुसऱ्या हाताचे बोट रोग्याच्या कानापुढच्या धमनीवर. पिशवी श्वास सांगे, बोट नाडी सांगे. एडिनबरो आणि लंडन असे दोन हातांत सुखाने नांदत. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरीणबाई म्हणत, ‘आकडा घेण्याआधी बोटाला विचार.’ बोटाला कळते ते केवळ ठोके किती एवढेच नव्हे. ठोका भरीव आहे की पोकळ, दाबल्यावर सहज बुडतो की बोटाला वर ढकलतो, हे आकड्यात सापडत नाही.

एका निवृत्त गुरुजींची आठवण सांगते. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे नांदेडकडचे, मुलाकडे काचीगुड्याला राहणारे. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. ‘बाई, उठवाल ना मला?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘गुरुजी, तुम्हाला झोपवणारच नाही. कमरेखाली बधिर करणार. तुम्ही जागेच राहायचे.’ गणिताचे शिक्षक. पडद्यापलीकडे हातोड्याचे आवाज सुरू होण्याआधी मन रमावे म्हणून मी त्यांना पावकी-निमकी म्हणायला सांगितली. ते अगदी शाळेतल्या सुरात म्हणू लागले. पावकी झाली, निमकी, पाऊणकी, सवायकी झाली. दंडावरचा पट्टा दर तीन मिनिटांनी फुगून आकडा सांगत होता आणि आकडे ठीक होते. माझे बोट सवयीने त्यांच्या मनगटावर होते.

दिडकीच्या मध्यावर गुरुजींनी जांभई दिली. सूर किंचित लांबला. त्याच क्षणी बोटाखालचा ठोका पातळ झाल्यासारखा वाटला. धार मंदावलेल्या तोटीसारखा. पट्टा फुगायला अजून दीड मिनिट अवकाश होता. स्पायनल दिल्यावर येणारी जांभई आणि मळमळ ही मेंदूला रक्त कमी पडत असल्याची जुनी खूण आहे. सलाईनची धार सोडली, पाय उचलून धरायला सांगितले, मेफेन्टरमिनचा लहानसा डोस शिरेतून दिला, आणि त्याच वेळी पट्टा मुद्दाम फुगवला. वरचा आकडा सत्तर. दोनेक मिनिटांत ठोका बोटाखाली पुन्हा भरून आला. पडद्यापलीकडे कुणाला काही कळले नाही. तिथे हाडाचे काम चालू होते. गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारले, ‘कुठवर आलो होतो, बाई?’ मी म्हटले, ‘दिडकीवर.’ त्यांनी ती पहिल्यापासून घेतली आणि औटकीपर्यंत नेली.

यंत्राला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला विचारण्याची वेळ यायची होती, एवढेच. आणि यंत्रांनी जे जीव वाचवले त्यांची गणती कुणी करू शकणार नाही. १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी हे हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते ते रंगद्रव्याने मोजण्याच्या खटपटीत होते; नाडीच्या स्पंदनामुळे त्यांच्या मापनात सारखी ढवळाढवळ होई. ती ढवळाढवळ काढून टाकता टाकता त्यांना उमगले, की हे स्पंदनच धमनीतल्या रक्ताचा पत्ता सांगते, आणि त्यातून प्राणवायूचे प्रमाण मोजता येते. बोटाला लावायचा तो चिमटा करोनाच्या साथीत घराघरांत पोचला. पण आमच्या लेखी त्याच्या आकड्याइतकीच त्याची लाट महत्त्वाची. लाट उंच-बुटकी होते, पसरते, आक्रसते. सैलावलेल्या वाहिन्या आणि आवळलेल्या वाहिन्या तिच्यात आपापली सही करून जातात. मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही मनगटाच्या धमनीत बारीक नळी ठेवतो आणि प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर पाहतो. हेल्सच्या पितळी नळीचेच हे नाजूक रूप. सरासरी दाब पासष्टच्या खाली फार वेळ राहिला तर मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होण्याची शक्यता वाढते, असे अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. दाब उतरणे हा बचाव आहे, या लॉरीच्या म्हणण्याला काळाने दिलेले हे उत्तर.

तरीही एक सापळा शिल्लक राहतोच. वाहिन्या आवळणारे औषध दिले की दाबाचा आकडा झटकन सुधारतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. रक्तच कमी असताना नुसत्या वाहिन्या आवळल्या तर आकडा देखणा आणि मूत्रपिंड उपाशी, असे होऊ शकते. म्हणून लघवी किती झाली पाहायची, बोटांची टोके उबदार आहेत का पाहायचे, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ एकाएकी बुटकी झाली का ते पाहायचे. फुफ्फुसांकडे रक्त कमी पोचले की ती रेघ खाली येते. म्हणजे श्वासाची रेघ नाडीची खबर देते. लॉरी आणि त्याचे प्रतिपक्षी एकमेकांशी वर्षानुवर्षे भांडले. त्यांची दोन दैवते आता एकाच पडद्यावर, एकाखाली एक धावत असतात आणि एकमेकींच्या साक्षी काढतात.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, अशी आपली श्रद्धा. रोग्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी हा प्रश्न स्वतःलाच दर काही क्षणांनी विचारावा लागतो. १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देण्याचे लेखी नियम प्रसिद्ध केले. दाब आणि नाडी निदान दर पाच मिनिटांनी पाहावी, असे त्यांत होते. आणि भूल चालू असताना भूल देणाराने खोली सोडू नये, हेही होते. इतकी उघड गोष्ट लिहून ठेवावी लागली, यातच सारे आले.

आपल्या गावच्या कमिशनचा अभिमान बाळगावा की नाही, असे मला तरुण डॉक्टर विचारतात. अवश्य बाळगावा, असे मी सांगते. पण अख्ख्या कथेचा. टीका झाल्यावर टीकाकारालाच भाडे देऊन बोलावणारे सरकार, स्वतःचे मत बदलणारा ब्रंटन, उशाशी बसून श्वास ऐकणारी रूपाबाई ही आपली श्रीमंती आहे. आपल्या निष्कर्षाला पुढे छेद गेला हेही त्याच कथेचे पान आहे, आणि ते फाडून उरलेली कथा नातवंडांच्या हाती देऊ नये. १९०८ च्या पुराने अफझलगंजचे जुने इस्पितळ वाहून नेले; त्या जागी पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. लॉरीच्या काळच्या भिंती त्या इस्पितळात उरल्या नाहीत. उरले ते कागद. त्यांतल्या रेषा अजून वाचता येतात, आणि दोन्ही बाजूंनी वाचता येतात.

निवृत्तीनंतर कधीमधी विद्यार्थ्यांपुढे बोलायला बोलावतात. उपकरणांविषयी त्यांना माझ्याहून पुष्कळ अधिक ठाऊक असते. मी त्यांना एकमेकांची नाडी पाहायला सांगते. डोळे मिटून, पूर्ण एक मिनिट. पहिल्या पंधरा सेकंदांत ते ठोके मोजतात. मग हळूहळू मोजणे थांबते आणि चेहऱ्यावर निराळे भाव येतात. मी त्यांना अधिक काही सांगत नाही. त्या मिनिटानंतर यंत्रांचा धडा सुरू करते.